लोकरीत राहिलेलं

दोरा कापला तरी स्वेटरचं बटण जागचं हलेना, कारण आईनं ते शिवताना खालून वेढे देऊन गाठीवर गाठ मारली होती – "तू धांदरट, चार दिवसांत हरवशील" – आणि आता लेक वजनखोलीतल्या टेबलाशी बसून कात्रीचं टोक त्या वेढ्यांत घालत होती, एकेक धागा ओढत होती. खाली पांढरा कागद पसरलेला. धाग्यालाही सोनं असतं. या खोलीत सगळ्यालाच असतं.

"ताई, होतंय का?" भट्टीवाला लोखंडी तसराळं घेऊन दारात उभा होता.

"बटणं जळताना घाण वास येतो म्हणून तुम्हीच सांगितलंत ना? मग थांबा."

"थांबतो की. मागच्या साली माझे लग्नातले बूट गेले यात. सासऱ्यांनी दिलेले. बायको अजून धड बोलत नाही."

"बुटांवरून?"

"तिला वाटतं, मीच विकून खाल्ले. म्हटलं, अगं, विकले असते तर तुला निदान भजी तरी आणली नसती का!"

ती हसली. हसतानाही हात चालूच होते. इथं मोडके दागिने येतात, तारा येतात, कानस मारून पडलेला चुरा येतो. ते सगळं वितळवायचं, तेजाबात घालायचं, आणि शुद्ध सोन्याच्या विटा करून पाठवायचं. आलं किती आणि गेलं किती, हे काही कधी तंतोतंत जुळत नाही. थोडं धुरात जातं, थोडं मुशीला चिकटतं, थोडं माणसांना. त्याला घट म्हणतात, आणि घट किती व्हावी तेही ठरलेलं असतं. वर्षाअखेर झाडू, पायपुसणी, हातमोजे सगळं जाळून राखेतून ते सोनं परत काढायचं, आणि हिशेब लागेपर्यंत बाहेरचं दार बंद. आज सकाळी घट ठरल्यापेक्षा जास्त निघाली. निघाली म्हणजे... तिनंच काढली. काटा पुन्हा शून्यावर आणून, श्वास रोखून तिनं परत वजन केलं, तरी तेवढीच. तेव्हा नव्या साहेबांची नजर खोलीभर फिरली आणि दारामागच्या खुंटीवर थांबली.

"हा स्वेटर कसा राहिला इतकी वर्षं?"

जुने साहेब दरवर्षी म्हणायचे, असू दे, पुढल्या खेपेला बघू. हे तिला सांगता आलं नाही.

"लोकर फार धरते हो," नवे साहेब मऊ आवाजात म्हणाले. तसा माणूस वाईट नाही.

लोकर धरते, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. थंडी होती, ती नवी होती, कपडे बदलायच्या खोलीत स्वेटर काढून ठेवायचं तिला कुणी सांगितलं नाही, आणि संध्याकाळी झडती घेणाऱ्या बाईंनी तिला दारातच अडवलं – "आत आलेली लोकर बाहेर जात नाही, पोरी." घरी आई म्हणाली, स्वेटर गं? राहिला तिथं. उद्या आणते. आईची प्रकृती मुळातच तोळामासा, अंथरुणात पडल्या पडल्या विणलेला तो... काही दिवस विचारत राहिली, मग विचारायची थांबली. अगदी शेवटी, माणसं ओळखू येईनाशी झाल्यावर, माझा खांदा चाचपून म्हणाली, "तिकडे थंडी वाजत नाही ना तुला?" नाही गं आई, रोज घालते की. आणि ते खोटं नव्हतं, मी रोज घातला. ती गेल्यावर कामावर आले त्या सकाळीही आधी तोच घातला, या खोलीत, जिथं शिंक आली तर तोंड वळवावं लागतं, आणि रडायचं म्हटलं तर रुमालही इथलाच, तोही जाळायचा...

शेवटचं बटण सुटलं. तिनं स्वेटर उचलला, बाह्या मागे दुमडल्या, घडी घातली.

"घडी कशाला घालताय, ताई," भट्टीवाला हळूच म्हणाला आणि तसराळं पुढे धरलं.

तिनं स्वेटर त्यात ठेवला, पण हात काढला नाही. आईचा चेहरा आठवू पाहिला. सुया चालवणारी बोटं, उशीशी पडलेला लोकरीचा गुंडा... आणि डोळ्यांपुढे आली ती काट्यावर ओणवलेली स्वतःच, वर्षानुवर्षं, मनगटं टेबलाच्या कडेला टेकलेली. म्हणजे स्वेटरच्या पाठीत सोनं फारसं नसणार. पुढच्या बाजूला असेल. सगळ्यात जास्त मनगटांशी.

"बाह्या वेगळ्या जाळा," ती म्हणाली. "त्यांची राख यात मिसळू नका. तिथं जास्त भरेल."

आवाज जराही कापला नव्हता. वजन सांगताना लागतो तसाच लागला होता. भट्टीवाल्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि तो गेला.

ती रिकाम्या टेबलाशी बसून राहिली. भरपूर भरावं, असं तिला वाटलं... अगदी मनापासून, जीव तोडून वाटलं. आणि हिशेब लागावा म्हणून वाटलं, की आईचं आपल्यापाशी इतकं होतं हे काट्यावर दिसावं म्हणून, हे काही केल्या तिला ठरवता येईना.