मी दाखवलेले छप्पन्न हजार

मी कॅल्क्युलेटर बोलतोय. घरातला नव्हे, परकीय चलन विकणाऱ्या दुकानातला. काचेखालच्या फटीतून मला बाहेर सरकवतात, माणसं माझ्यावर वाकतात आणि बहुतेकांचे चेहरे पडतात. अशा नोकरीत जिवाला स्वस्थता कसली?

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, एखाद्या शाळेत जाईन. पण दुकानाच्या मालकाने मला घाऊक बाजारातून उचललं आणि काउंटरवरच्या ताईच्या हाती दिलं. तो तिला शिकवायचा, "आकडा तोंडाने बोलायचा नाही. हा पुढे करायचा. बोललं की गिऱ्हाईक घासाघीस करतं." म्हणजे वाईटपणा सगळा माझ्या वाट्याला! बाहेरच्या फलकावर भाव ठळक लिहिलेला. कमिशन मात्र माझ्या आकड्यात गुपचूप मिसळलेलं. तरी खोटी बेरीज मी कधी दाखवली नव्हती.

त्या दिवशी सकाळी ताईचं कोपर लागून मी फरशीवर आपटलो. हजाराच्या घरातली एक बारीक रेघ उमटेनाशी झाली. तिथे आठ आला की सहा दिसायचा. मला कळलं, पण सांगणार कुणाला?

दुपारी एक नवरा-बायको आले. तो बसगाड्या दुरुस्त करणारा मेकॅनिक, नखांत वंगण. त्यांचा मुलगा परदेशात इस्पितळात होता आणि संध्याकाळच्या विमानाने आई एकटीच निघाली होती. दोन तिकिटं परवडली नव्हती.

"वीस नोटा हव्यात. सगळं धरून किती?" त्याने विचारलं. प्रश्न शहाणपणाचा होता. नुसता भाव विचारणारेच जास्त फसतात.

ताईने मला पुढे केलं. हिशोब होता अठ्ठावन्न हजारांचा. मी दाखवले छप्पन्न.

"आणखी दोन ठिकाणी बघू," तो बायकोला म्हणाला.

"अहो, घेऊन टाका ना इथेच. वेळ बघा किती झालाय."

"अगं, चार पैसे वाचले तर तुझ्याच हाती राहतील. विमानतळावर तर गळाच कापतात."

ते गेले आणि मी तळमळत पडलो. दीड तासाने दोघं धापा टाकत परत आली. कोपऱ्यावरचं दुकान सत्तावन्न हजारांत देत होतं आणि या भल्या माणसाने ते ऐटीत नाकारलं होतं. माझ्या भरवशावर!

पावती छापून आली. अठ्ठावन्न.

"मघाशी छप्पन्न दाखवलेत की!"

ताईने पुन्हा बटणं दाबली, मला तिरकं धरून पाहिलं आणि ओशाळली. "काका, हे बिघडलंय हो. चुकलं माझं."

मालक आतूनच ओरडला, "पावतीवरचाच आकडा खरा. परवडत असेल तर घ्या!"

मेकॅनिक धावत कोपऱ्यापर्यंत गेला आणि तसाच परतला. तिथलं शटर पडलं होतं. खिशात होते सत्तावन्न हजार.

"एक नोट कमी द्या," आई ताईला म्हणाली. "टॅक्सीची. मी बसने जाईन."

"अगं, नवखं गाव ते..."

"विचारत विचारत जाईन. चला आता."

महिन्याभराने दोघं उरलेल्या नोटा विकायला आली. तोवर माझ्या जागी नवा कॅल्क्युलेटर आला होता आणि मी कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर पडून होतो. ताईने भीत भीत विचारलं, "मुलगा कसा आहे, काकू? पैसे पुरले ना?"

"पुरून उरले," नवराच म्हणाला. "महिनाभर दिवसातून एकदाच जेवायची ही. एक नोट कमी आहे, एक नोट कमी आहे, एवढंच घोकत बसली. पोरगा अंथरुणातून विनवायचा, तरी ऐकेना."

"तो चालायला लागला ना? झालं तर मग," आई म्हणाली. तिने काउंटरवर हात टेकला. नुसती हाडं उरली होती.

ताईने नोटा मोजल्या. एकोणीसपैकी नऊ तशाच होत्या, घडीसुद्धा न मोडलेल्या. मला मेल्याला लाजेने अंगातला सेल काढून टाकावासा वाटला.

म्हणून सांगतो, बाबांनो, एकूण किती ते जरूर विचारा, पण उत्तर माणसाच्या तोंडून घ्या, कागदावर लिहून घ्या. आणि ताई, मला दुरुस्त करू नकोस. पुन्हा कुणाच्या आईपुढे मला सरकवू नकोस.