साडेआठची माणसं

हर्मीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती दुधाच्या कॅनांवरून. मंगळवारी सकाळी कोंबड्यांना दाणे टाकायला म्हणून ती मागच्या अंगणात आली. बघते तर लेकीने उट्रेख्टहून आणलेली सजावटवाली डॅफ्ने गवतावर फतकल मारून बसलेली आणि सासऱ्यांच्या वेळचे सात कॅन तिच्यासमोर रांगेत उभे. चार फिके गुलाबी होऊन गेले होते, पाचव्यावर ब्रश फिरत होता.

"हे काय चाललंय?"

"शनिवारी यात फुलं ठेवायची आहेत ना! फिकी जांभळी, पीच, क्रीम. आधी गंज फारच दिसत होता हो."

"गंज दिसतो, कारण ते गंजलेत."

"पण किती सुंदर आहेत! प्रत्येकाला एक कहाणी आहे."

"मग त्या कहाणीला रंग कशाला फासतेस?" असं म्हणून हर्मीनने दाण्यांची बादली तिथेच आपटली. कोंबड्या ओल्या रंगाच्या डब्यापाशी धावल्या, त्यांनाही तिने हाकललं नाही.

हे दोन महिने चाललं होतं. मारिट पहिल्यांदा फोनवर म्हणाली होती, "आई, माझं आणि फ्लोरिसचं लग्न आपल्याच वाडीवर करू. गवताच्या कोठीत. अगदी रस्टिक."

"रस्टिक म्हणजे?"

"म्हणजे साधं, गावाकडचं, हाताने केलेलं."

"म्हणजे गावठी."

"आई!"

"अगं, मग आपण आहोतच गावठी. त्यासाठी शहरातून बाई कशाला आणायची?"

पण बाई आली. गायी फेब्रुवारीतच विकल्या गेल्या होत्या, त्यामुळे घरात गवताची काडी नव्हती. तेव्हा पाहुण्यांना बसायला गवताचे गठ्ठे दुसऱ्या गावाहून मागवले. कोठीतली कोळ्यांची जाळी काढली आणि त्या जागी लेसचे पडदे टांगले. हर्मीन दात ओठ खात सगळं बघत होती. तिचा नवरा योहान जानेवारीत गेला होता. घरात त्यानंतर पहिल्यांदा कुणीतरी हसत होतं, म्हणून ती गप्प बसली होती.

पण आज मंगळवार उजाडला आणि दार अजून उघडं बोडकं होतं, हे मात्र तिला सहन होईना.

नेदरलँड्समधल्या ट्वेंटेच्या त्या भागात लग्नघराचं दार घरच्यांनी सजवायचं नसतं. ते काम शेजाऱ्यांचं. लग्नाच्या आठवड्यात पुरुष जंगलातून स्प्रूस झाडाच्या फांद्या तोडून आणतात आणि कमान बांधतात, बायका पहिल्या शेजाऱ्याच्या शेडमध्ये बसून क्रेप कागदाचे गुलाब करतात. चारशे-पाचशे गुलाब, आणि त्यासोबत गावभरच्या उखाळ्यापाखाळ्या. पहिला शेजारी म्हणजे नुसता जवळच्या घरात राहणारा नव्हे. मूल जन्मलं की आधी त्याला कळवायचं, माणूस गेलं की आधी त्याला. नवरीने किंवा नवऱ्याने स्वतः त्याच्या दारात उभं राहून लग्नाला बोलवायचं, मग तो कामाला लागतो. हर्मीनच्या घराचा पहिला शेजारी वोल्तर. योहान पहाटे गेला तेव्हा वोल्तर आणि त्याची बायको रीका चपला घालायचंही भान न ठेवता धावत आले होते. दोघांनी योहानला आंघोळ घातली, कपडे घातले. सगळ्या घरांना वोल्तरने सांगितलं आणि चौथ्या दिवशी पुढच्या खांद्याला तोच होता.

असा वोल्तर लग्नाला चार दिवस उरले तरी फिरकला नाही म्हणजे काय? हर्मीनने एप्रन तसाच ठेवला आणि शेतातून तरातरा त्याच्या घरी गेली.

रीका बटाटे सोलत होती. वोल्तर पेपर वाचत होता, म्हणजे पेपरामागे लपला होता.

"काय रे, स्प्रूस संपली का जंगलातली?" हर्मीनने दारातूनच विचारलं.

रीकाने ओल्या हाताने खिडकीतलं एक कार्ड उचललं आणि टेबलावर ठेवलं. जाड, खरबरीत, हाताने केलेला कागद. कोपऱ्यात चिकटवलेलं वाळकं फूल. हर्मीनने ते लगेच ओळखलं. तिच्याच स्वयंपाकघरात मारिट आणि डॅफ्ने शनिवार-रविवार कागदाचा लगदा कालवत बसल्या होत्या. पाकिटांवर तिकिटं तर हर्मीननेच चिकटवली होती, नावं न वाचता. शेजाऱ्यांना कार्ड जाईल हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. शेजाऱ्यांना दारात बोलवतात, त्यांना कसलं कार्ड?

"वाच," रीका म्हणाली.

'आमच्या आनंदात सामील व्हायला या. रात्री साडेआठपासून.'

हर्मीनने दोनदा वाचलं. दिवसाचे पाहुणे एक वाजता येतात. लग्न लागताना बघतात, केक खातात, जेवायला बसतात. साडेआठला येतात ती ऑफिसातली माणसं, लांबची ओळखीची, पूर्वीच्या घरमालकासारखी. एक बिअर, एक पाकीट, अभिनंदन, आणि चालू लागा.

"आम्ही येऊ की," रीका म्हणाली. "दूध काढून झालेलंच असतं साडेआठला. सोयीचं आहे."

"रीका, मला खरंच माहीत नव्हतं गं."

"तुला कशाला माहीत असेल? तू नुसती नवरीची आई."

वोल्तरने पेपर खाली केला. "पोस्टाने आलं," तो म्हणाला. "तीनशे मीटरवरून. तिकीट लावून." एवढंच बोलून तो पुन्हा पेपरामागे गेला.

हर्मीन घरी परतली ती धुमसतच. मारिट कोठीत शिडीवर उभी राहून दिव्यांची माळ लावत होती.

"खाली उतर."

"एक मिनिट, आई."

"आत्ताच्या आत्ता उतर म्हणते ना! वोल्तरला साडेआठचं कार्ड? वोल्तरला? लाज नाही वाटली?"

मारिट उतरली. तिला कळलं होतं. "साठच जागा आहेत, आई. फ्लोरिसचंच घर तीस जणांचं."

"मग फ्लोरिसचा मामा बसू दे अंगणात!"

"आणि ती कमान! लाल-नारिंगी कागद, चमक्या, वर आमच्या नावांची ती पत्र्याची अक्षरं. फोटोत किती भडक दिसतं ते. माझं सगळं फिकं आहे, एका मेळातलं आहे. मला एक दिवस हवा तसा मिळू नये का?"

"फोटोत!" हर्मीनचा आवाज कोठीच्या वाशांना लागला. "हाताने केलेलं हवं होतं ना तुला? इथे आठ घरच्या बायका हाताने गुलाब करायला बसल्या असत्या, आणि तू कागदाच्या लगद्याला पाचट फुलं चिकटवत बसलीस! रविवारी तू निघून जाशील. मी इथेच राहणार आहे. एकटी. उद्या मी त्या पायरीवरून पडले तर कोण येणार उचलायला? तुझी डॅफ्ने?"

"काहीही बोलू नकोस."

"काहीही नाही. माझी तिरडी कुणी उचलायची ते सांग. कार्ड पाठवशील का त्यांना? साडेआठचं?"

मारिटचं तोंड पांढरंफटक पडलं. पण हट्टीपणात ती आईवर गेलेली. "मी लोकांना दारोदार बोलवत हिंडणार नाही," ती म्हणाली. "कार्डं गेलीत. झालं."

"झालं ना? मग मीही शेजाऱ्यांतलीच. मीसुद्धा येईन साडेआठला."

लोक रागात असं बोलतात आणि संध्याकाळी जेवायला बसतात. हर्मीनने बॅग भरली. रात्रीचा गाऊन, दातांचा ब्रश, रक्तदाबाच्या गोळ्या, लग्नासाठी शिवलेला निळा ड्रेस हँगरसकट खांद्यावर, आणि पुन्हा त्याच शेतातून वोल्तरच्या घरी. रीकाने कपाळावर हात मारला, पण वरच्या खोलीत चादर घातली.

बुधवारी सहा फोन आले. हर्मीनने एकही उचलला नाही. वोल्तर दर फोनला म्हणायचा, "वाजतोय," आणि ती म्हणायची, "वाजू दे." पण रात्रभर तिचा डोळा लागला नव्हता. शनिवारी एक वाजता आपण खरंच या खिडकीत बसून लेकीचं लग्न लांबून बघणार का, हा विचार आला की तिला आणखी राग यायचा.

गुरुवारी दुपारी मारिट आली. बापाचे गमबूट घालून, चिखल तुडवत. तिने बेल वाजवली नाही, मागच्या दारात येऊन उभी राहिली. आत तिघं कॉफी घेत होती.

"आई, घरी चल."

"साडेआठला येते. शनिवारी."

"आई, पुरे झालं आता!"

"पोरी, आरडाओरडा नको इथे," वोल्तर म्हणाला. "आम्हाला मिळालंय कार्ड. वेळ दिलेली आहे, आम्ही वेळेवर येऊ. तक्रार कुणाची आहे?"

हे तो इतक्या थंडपणे बोलला की मारिटचा बांध फुटला.

"हो, दिली साडेआठची वेळ! मुद्दाम दिली! जागा नाही, फोटो भडक येतील, हे सगळं मी आईला सांगायला म्हणून सांगितलं. वोल्तरकाका, तुम्ही आमच्या दारातून आत आलात की मला बाबाच दिसतात. तुम्ही त्यांचे डोळे मिटलेत. मी जिन्यात उभी होते. त्याच दारातून तुम्ही त्यांना बाहेर नेलं. आता त्याच दाराला तुम्हीच कमान बांधणार, हसत हसत, आणि मी त्याखालून नवरी म्हणून जायचं? मला नाही जमत! मला वाटलं, रात्री या, तेव्हा अंधार असेल, गाणी असतील, मी थोडी प्यायलेली असेन, मला दिसणार नाही. मला एक दिवस तुम्ही दिसायला नको होतात!"

मारिट जिन्यात होती हे हर्मीनला ठाऊकच नव्हतं. त्या पहाटे तिने वर वळून बघितलंच नव्हतं.

मारिटने बाहीने नाक पुसलं. मग ती उंबऱ्याच्या बाहेर एक पाऊल मागे गेली, सरळ उभी राहिली आणि रागानेच, अडखळत म्हणाली, "वोल्तरकाका, रीकाकाकू, माझं शनिवारी लग्न आहे. तुम्ही पहिले शेजारी. सकाळपासून या."

वोल्तरने मान हलवली. "नको. असं रडून बोलावलेलं नको आम्हाला. आम्ही साडेआठचे बरे आहोत."

आणि मग हर्मीन उठली. दोन दिवस ज्याच्यासाठी ती लेकीशी भांडली, त्याच्यावरच ती अशी उसळली की रीकाच्या हातातला कप कलंडला.

"तू कोण रे नको म्हणणारा? दारात उभं राहून बोलावलंय तिने तुला! दारातल्या बोलावण्याला पहिल्या शेजाऱ्याला नाही म्हणता येतं का? तुझ्या बापाने माझ्या सासऱ्यांशी अकरा वर्षं अबोला धरला होता, तरी माझ्या लग्नाची कमान त्यानेच बांधली. शिव्या घालत बांधली, पण बांधली! आणि तू? रडून बोलावलं म्हणून नको? मी पहाटे तुला बोलावलं तेव्हा काय गाणं म्हणत बोलावलं होतं?"

वोल्तर लालबुंद झाला. टेबलावर हात टेकून तो हळूहळू उठला.

"योहानचे डोळे मिटल्यापासून," तो मारिटकडे न बघता म्हणाला, "मलाही ते दार बघवत नाही. मी तुमच्याकडे येताना आता गोठ्याकडून येतो, कळलं का? पण ते दार आमचं आहे. तुला बघवलं नाही तर डोळे मीट, पण मी शनिवारी तिथे असणार. पहिल्या रांगेत. फ्लोरिसच्या मामाला अंगणात बसव."

"बसवते."

"आणि लाल गुलाब असणार."

"असू देत."

"चल मग. स्प्रूस तोडायची आहे, उजेड आहे तोवर. फांदी धरायला कुणीतरी लागतं." त्याने खुंटीवरची टोपी ओढली आणि जाता जाता खेकसला, "आणि तुझी आई आजच घरी परत जाईल. आमच्याच घरात राहिली तर ती शेजारीण कसली!"

दोघं अंगणातून गेली. पुढे वोल्तर, खांद्यावर करवत, मागे मारिट. रीकाने फोनवरून बाकीच्या सात घरांना दोन-दोन वाक्यांत कळवलं, क्रेप कागदाच्या गुंडाळ्या टेबलावर ओतल्या आणि एक हर्मीनपुढे सरकवली. हर्मीनने कागद कापायला घेतला. तिचा राग अजून गेला नव्हता. वोल्तरवर होता, डॅफ्नेवर होता, पण सगळ्यात जास्त कुणावर होता ते तिला आत्ता कळत होतं. पहिली पाकळी फाटली. दुसरीही.

"अगं, घडी घालतेस की कोंबडीची मान मुरगाळतेस?" रीका म्हणाली.

"ती जिन्यात होती, रीका. चार महिने झाले. मी तिला एकदाही विचारलं नाही, तुझं कसं चाललंय म्हणून."

रीकाने तारेला पाकळी गुंडाळली.

"आम्हीही नाही विचारलं," ती म्हणाली. "योहान गेल्यावर मारिट इथे होती तोवर रोज संध्याकाळी आठही घरांतून कुणी ना कुणी यायचं. दार तीच उघडायची. आणि आम्ही सगळे तिलाच विचारायचो, आई कशी आहे?"