कुत्रा नसलेल्या बाईचा पट्टा

मी पट्टा बोलतोय. आधीच सांगून टाकतो, मी कुणाच्या कमरेचा नाही आणि घड्याळाचाही नाही. हातभर लांब, तीन बोटं रुंद, दुपदरी चामड्याचा. काय कामाचा, ते कळेलच. कळल्यावर नाक मुरडू नका, एवढंच.

माझा जन्म बॅगा दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराच्या दुकानात झाला. दुकान कसलं, जिन्याखालची खोली. एका दुपारी ती आली. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करते ती; बोटांच्या टोकांवर कायम पांढरी भुकटी. माप सांगताना तिची नजर जमिनीवरच होती.

"कशासाठी हवाय?" कारागिराने विचारलं.

"कुत्र्यासाठी."

"केवढा आहे?"

तिने हात कमरेपर्यंत नेला, मग घाबरून गुडघ्यापर्यंत खाली आणला.

"नाव काय त्याचं?"

"अजून... ठेवलं नाही."

एवढा मोठा कुत्रा आणि बिननावाचा! तरी कारागिराने मला मन लावून शिवलं आणि ओढ सहन व्हावी म्हणून एका टोकाला जाडजूड पितळी कडी बसवली.

कुत्रा काही मला कधी दिसला नाही. घरी नेऊन तिने मला कपाटात लोकरी पांघरुणांच्या तळाशी कोंबलं. मोठी बहीण कामाला गेली की मला बाहेर काढायची, माझा वास घ्यायची, मनगटावर दाबून धरायची. विश्वासाच्या माणसाच्या हातून, स्वतःच्या मर्जीने मार खावा, ही तिची फार जुनी ओढ. पण बोलणार कुणाजवळ? "माझं डोकंच फिरलंय," असं आरशाला सांगून ती मला पुन्हा तळाशी ढकलायची. मला रागच यायचा. निर्जीव झालो म्हणून काय झालं, मलाही काही मान आहे की नाही?

मग एकदा फोनवर तिला आपल्याच शहरातला एक गट सापडला. याच आवडीची माणसं. कितीतरी दिवस ती नुसतं वाचत राहिली, एक ओळ लिहायची हिंमत झाली नाही. शेवटी गेली. पहिली भेट नेहमी चहाच्या दुकानात, भरदिवसा, साध्या कपड्यांत, आणि सोबत कसलंही सामान आणायचं नाही, असा तिथला दंडक होता. हिने काय केलं? धीर यावा म्हणून मलाच पर्समध्ये घातलं!

पर्सच्या अर्धवट उघड्या चेनमधून मी डोकावलो. भेसूर चेहरे नाहीत, काही नाही. एक बस चालवणारा, एक ग्रंथपाल बाई, आणि जिला सगळे आत्या म्हणत होते अशी पिकल्या केसांची एक बाई. विषय चालला होता गुडघेदुखीचा. आणि आत्याच्या शेजारी कोण, तर माझा जन्मदाता कारागीर!

दोघांनी एकमेकांना पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती उठून पळणार, एवढ्यात तो हळूच म्हणाला, "कुत्रा बरा आहे ना?"

तिला असं हसू फुटलं की चहा नाकात गेला. हसता हसता डोळे वाहायला लागले. आत्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. "रड गं. पहिल्या दिवशी इथे सगळेच काही ना काही सांडतात."

"मी तो... सोबत आणलाय," ती कशीबशी म्हणाली.

"बाहेर काढू नकोस. इथे फक्त चहा." पण आत्याने पर्समध्ये हात घालून मला चाचपलं आणि तिच्या कपाळावर आठी चढली. "अरे, कड केवढी धारदार आहे! आणि ही कडी? कुणाचा डोळा फोडायचाय का?"

कारागीर ओशाळला. "मी कुत्र्यासाठी केला होता, आत्या."

मी पुन्हा जिन्याखाली आलो. कडी निघाली, कडा घासून गुळगुळीत झाल्या. खरं सांगू? अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

पुढे घाई कुणीच केली नाही. ती आणि कारागीर कितीदा तरी चहाला भेटले. काय हवं, काय मुळीच नको, कुठे हात लावायचा नाही, कुठला शब्द उच्चारला की लगेच थांबायचं, सगळं नीट बोलून झालं. मग एका दुपारी आत्याच्या घरी आतल्या खोलीत मला काढलं. बाहेर बाकीच्यांचा पत्त्यांचा डाव रंगला होता. मारणाऱ्याने आधी स्वतः एक फटका खायचा, हा आत्याचा नियम. कारागिराने मला आपल्याच मांडीवर ओढलं आणि तो "आई गं!" करून ओरडला. बाहेर हशा पिकला.

मग तिची पाळी. सगळं सांगत बसणार नाही, पट्ट्यालाही काही रीतभात असते. पण मध्येच तिने ठरलेला शब्द उच्चारला. फार दुखलं म्हणून नव्हे. खरंच थांबतो का, ते तिला पाहायचं होतं. त्याचा हात हवेतच थांबला. त्याने मला खाली ठेवलं, तिला पांघरूण दिलं, पाणी दिलं. "थांबला," ती सारखी तेवढंच म्हणत होती. "लगेच थांबला."

त्या संध्याकाळी ती गुणगुणतच घरी आली. ती कपडे बदलत असताना ताई दारात येऊन उभी. तिने मांडीवरचा वळ पाहिला, मग पलंगावर पडलेल्या मला. ताई इस्पितळात नर्स आहे.

"कोण मारतं तुला?"

"तसं नाही गं, ताई."

"रोज बघते मी अशा बायका. सगळ्या म्हणतात जिन्यावरून पडले. तूही जिनाच सांगणार का?"

ती पलंगाच्या कडेवर बसली आणि तिने अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं. ताईचा चेहरा लाल झाला, मग उतरला. शेवटी तिने एकच विचारलं, "तू नको म्हणालीस तर?"

"थांबतो. मी म्हणून बघितलंय."

ताई तिच्या शेजारी पलंगावर बसली. "मला नाही कळत हे. काडीचं नाही कळत. पण त्या बायका दार वाजलं तरी दचकतात, आणि तू आज गाणं म्हणत आलीस." मग नाक पुसून म्हणाली, "त्या आत्याचा नंबर दे मला. बोलणार आहे मी तिच्याशी."

बोलली. तासभर बोलली. बराचसा वेळ गुडघ्यांवरच गेला म्हणे.

आता मी कपाटात वरच्या फळीवर असतो, अंगावर पांघरुणांचं ओझं नाही. वाचकहो, माझं मागणं एवढंच, की तुमच्या माणसाच्या कपाटात माझ्यासारखं काही सापडलं, तर आकांडतांडव करण्याआधी त्याला विचारा, आणि विचारलंत तर उत्तर संपेपर्यंत ऐका.

परवा ताईची सुट्टी होती. ड्युटीचे बूट पुसून झाल्यावर तिने मला खाली काढलं, पेशंट तपासावा तसं उलटसुलट करून पाहिलं आणि बोटावर तेल घेऊन मला चोळायला लागली. "कातडं असं कोरडं ठेवतात का गं? तडकेल की." धाकटीने मागून येऊन तिच्या गळ्यात हात टाकले.

"अगं, सोड, हात तेलकट आहेत माझे," ताई म्हणाली. पण ती काही सोडेना.