खुंटीवरचा झारा आणि बियरची बाटली

मी एक जुना झारा आहे, मित्रांनो. माझी अक्कल बहुधा माझ्याच भोकांतून गळून गेली असावी. इतकी वर्षं स्वयंपाकघरात काढली, तरी माणसं काही मला कळली नाहीत.

एका कारागिरानं लोखंडाचा पत्रा ठोकून मला खोलगट केलं, भोकं पाडली आणि लांब दांडा जोडला. या घरच्या आईनं मला विकत आणलं तेव्हा ती नवी नवरी होती. बाबा शिंपी. पुढच्या खोलीत त्यांचं मशीन खडखडायचं आणि मागं आमचं तळण चालायचं. "तळावं तर हिनंच!" असं पाहुणे म्हणत. कौतुक तिचं व्हायचं, पण त्यातलं थोडं मी गुपचूप लाटायचो.

पुढं संध्याकाळी बाबांच्या हातात बाटली दिसू लागली. ती उघडली की हाक यायची, "अगं, काहीतरी तळ!" मला वाटे, वा, काम वाढलं! आई मात्र गप्प होत गेली. बाबांची कात्री वाकडी जाऊ लागली, गिऱ्हाइकं तुटली. शेवटी बाबांनी बाटली सोडली, आणि त्याच दिवशी आईनं मला घासूनपुसून खुंटीला टांगलं, ते टांगलंच. प्यायले बाबा आणि शिक्षा मला? चोर सोडून संन्याशाला फाशी! माझं काय चुकलं, ते मला कुणीच सांगितलं नाही. मी गंजत राहिलो.

लेक मोठी झाली, हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम शिकू लागली. एका सुट्टीला ती कांदे, मैदा आणि बियरची थंडगार बाटली घेऊन घरी आली.

"ही? या घरात?" आईचा चेहराच उतरला.

"प्यायला नाही गं, पिठात घालायला. उद्या मला ऑनियन रिंग्ज करून दाखवायच्यात. जमल्या तरच कायम करणार आहेत. म्हटलं, आज घरी हात बसवून घेऊ."

बाबा दारातच थबकले. मी तर पुरता बुचकळ्यात पडलो. ज्या बाटलीपायी मला टांगलं, तिच्याचसाठी आता मला खाली काढत होते!

लेकीनं माझा गंज घासून काढला. कांद्याच्या जाड चकत्या कापून त्यांच्या कड्या सुट्या केल्या, कोरड्या मैद्यात घोळवल्या. मग पिठात अर्धी बाटली ओतून ती तेल बघायला वळली. पीठ फसफसलं. तो फेस आईला दिसू नये म्हणून बाबांनी घाईघाईनं चमचा उचलला आणि फेटत सुटले.

"अहो बाबा, फेटायचं नसतं! फेसानंच तर कुरकुरीत होतात."

पहिला घाणा ओल्या चिंधीसारखा निघाला. लेकीनं पुन्हा पीठ घेतलं, उरलेली बियर ओतली आणि जेमतेम ढवळून कड्या तेलात सोडल्या. या वेळी त्या टम्म फुगल्या. मी उचलल्या तेव्हा खुळखुळ वाजल्या.

"बाबा, खाऊन बघा ना."

"मला नको." बाबा पुढच्या खोलीकडे वळले. जाता जाता त्यांची नजर रिकाम्या बाटलीवर गेली आणि चटकन खाली झुकली. आईनं ते पाहिलं. पुढून मशीनचा आवाज काही आला नाही.

"बाटलीतल्या साध्या सोड्यानं होतात का गं या?" आईनं विचारलं.

"होतील की. सोडा थंडगार असला आणि फेस आला, की बस."

आई स्वतः कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन सोड्याची थंडगार बाटली घेऊन आली. तेल बदललं, भांडं बदललं, नवं पीठ कालवलं. "दे इकडे तो झारा," ती म्हणाली. इतक्या वर्षांनी तिच्या हाताची पकड जाणवली आणि मला रडू कोसळलं. माझ्या भोकांतून टपकत होतं ते तेल, असं त्यांना वाटलं असेल. कड्या मात्र तशाच फुगल्या, तशाच वाजल्या.

ताटली घेऊन ती पुढच्या खोलीत गेली. गडबडीत मीही तिच्या हातातच राहिलो.

"हे तुमचं. सोड्यातलं आहे."

बाबा ताटलीकडे बघत राहिले. "मी मागितलं नव्हतं गं."

"म्हणूनच तळलं," आई म्हणाली.

मित्रांनो, बाटली चांगली की वाईट, आई रागावली होती ती कुणावर, मला अजून उमगलेलं नाही. पण एक विनवणी आहे. रागाच्या भरात एखादी वस्तू किंवा एखादं माणूस बाजूला ठेवलंत, तर निदान कारण तरी सांगा. आणि लोखंड धुतलंत की कोरडं पुसा. गंज आतून लागतो, आणि लागताना आवाज करत नाही.