भिंतीवरची नोटीस आणि दसऱ्याचा आठवडा

मी एक नोटीस बोलतेय. दचकू नका. कोर्टातली नाही, घर खाली करा म्हणणारी तर मुळीच नाही. साधी सभेची नोटीस आहे मी. पण नाव ऐकलं की माणसांचं तोंड उतरतं, म्हणून आधीच सांगून टाकलं.

माझा जन्म हिमायतनगरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात झाला. मशीनमधून बाहेर आले तेव्हा अंग कसं कोमट होतं, नुकत्याच न्हाऊ घातलेल्या बाळासारखं. वाटलं, मागोमाग माझ्या एकावन्न बहिणी येतील. कारण माझ्यावर छापलं होतं, 'सर्व मालकांस कळविण्यात येते की', आणि मालक होते बावन्न.

हे बावन्न मालक कोण, तेही सांगते. अनंतगिरीच्या डोंगरात एक बंगला आहे, बावन्न घरांनी मिळून घेतलेला. वर्षाचे आठवडे बावन्न, म्हणून प्रत्येक घराला एक आठवडा. त्या आठवड्यात बंगला तुमचा, पुढच्या सोमवारी किल्ली दुसऱ्याची. याला टाइमशेअर म्हणतात. हे मालक एकमेकांना फारसे भेटतच नाहीत. एकाच्या विसरलेल्या चपला आणि लोणच्याची अर्धी बरणी दुसऱ्याला सापडते, तेवढीच ओळख.

पण बहिणी काही आल्या नाहीत. मालकांच्या संघाचा सेक्रेटरी अनिरुद्ध मला एकटीलाच घेऊन निघाला. फोनवर कुणाला तरी सांगत होता, "अरे यार, बावन्न घरी कोण फिरेल? बंगल्यावर सगळेच येतात की. तिथंच लावून टाकतो."

तसा तो मनाचा वाईट नाही. घाईचा आहे. येतात सगळे, पण वर्षभरात, एकेक करून! माझी सभा होती तीन आठवड्यांवर. म्हणजे मला बघणार तीन घरं. बाकीच्या एकोणपन्नास घरांचं काय? मला ओरडून विचारायचं होतं. पण चारी कोपऱ्यांना खळ लावलेल्या कागदाचं कोण ऐकतं?

व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप होता म्हणे पूर्वी. मिक्सरचं भांडं कुणी फोडलं यावरून असं भांडण झालं की तो बंदच करावा लागला.

पहिल्या आठवड्यातल्या घरानं माझ्या वरच्या खिळ्याला ओला टॉवेल अडकवला. आठवडाभर मला फक्त टॉवेल दिसला. दुसऱ्या घरानं माझ्यापुढे उभं राहून भरपूर फोटो काढले, पण मागे वळून कुणी पाहिलं नाही. माणसं स्वतःचा चेहरा दहा वेळा बघतात, भिंतीवरचं एकदाही वाचत नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात केसरबाई आल्या. चष्मा पुसला आणि मोठ्यानं वाचू लागल्या, "विषय, सर्व मालकांचे आठवडे चिठ्ठ्या टाकून नव्याने वाटणे... अगं बाई!"

त्यांनी लगेच विद्यानगरच्या रेणुकाला फोन लावला. रेणुका त्यांची पूर्वीची शेजारीण, बावन्न मालकांतलीच एक.

"रेणुका, रविवारी येतीस ना मीटिंगला?"

"कसली मीटिंग, मावशी?"

"हौ! म्हणजे तुला पत्ताच नाही? तुझा दसरा चाललाय गं चिठ्ठीत!"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली. तिसरी झाली. मग रेणुका म्हणाली, "मावशी, ती नोटीसच घेऊन या."

केसरबाईंनी मला चमच्याच्या दांड्यानं हळूच सोडवलं. माझा एक कोपरा तिथंच राहिला. मग डब्याच्या पिशवीत बसून मी विद्यानगरला आले. पहिल्यांदाच कुठल्या तरी मालकाच्या दारी पोचले.

रेणुकाच्या नावावर दसऱ्याच्या सुट्टीतला आठवडा आहे. सासऱ्यांनी घेतलेला, त्यांच्यामागं तिच्या नावावर झालेला. तिची आई नांदेडला, भाऊ युवराज बंगळूरला, आणि हिचं घर दोन खोल्यांचं. शाळेची सुट्टी, भावाची रजा, सगळं जुळतं ते याच आठवड्यात. वडील गेल्यापासून ही माणसं एका छताखाली झोपतात ती तेवढे सात दिवस. ईशा, तिची चार वर्षांची लेक, आजीला म्हणतेच 'डोंगरावरची आजी'. चिठ्ठीत जुलै निघाला तर? भावाला रजा नाही मिळाली तर? आई म्हणाली, आता राहू दे, तर?

ती 'तर, तर' करत कपाट उपसत होती तेव्हा ईशानं मला उलटं केलं आणि पाठीवर रंगीत खडूनं घर काढलं. घरापुढे माणसं काढली. मला गुदगुल्या झाल्या.

ईशाच्या लसींच्या कार्डाखाली संघाच्या नियमांचं पुस्तक सापडलं. रेणुकानं नववा नियम बोट ठेवून चारदा वाचला.

रविवारी हिमायतनगरच्या हॉलमध्ये सोळा जण होते, समितीचे आणि अनिरुद्धनं भेटतील तसं तोंडी सांगितलेले. अध्यक्ष हिम्मतराव घड्याळ बघत होते. अठरा मालक नसले तर सभा होत नाही, असा कोरमचा नियम. तेवढ्यात केसरबाई आत आल्या आणि मागून ईशाला कडेवर घेऊन रेणुका.

"सतरा, अठरा! या वहिनी या," अनिरुद्धनं टाळी वाजवली. "कोरम भरला!"

रेणुकाचा चेहरा पडला. स्वतःचा आठवडा घालवणारी सभा तिच्याच पावलांनी भरली होती.

"उठ गं," केसरबाई कुजबुजल्या. "तू निघालीस की सतरा. संपला खेळ."

रेणुका अर्धी उठलीसुद्धा. मग मला घट्ट धरून म्हणाली, "नको मावशी. आज पळाले तर पुढच्या वेळी पुन्हा भिंतीवरच लावतील."

आणि ती उभी राहिली. "काका, नववा नियम म्हणतो, सभेच्या चौदा दिवस आधी, विषयासकट, लेखी नोटीस प्रत्येक मालकाच्या नोंदलेल्या पत्त्यावर पोचली पाहिजे. ही एकच नोटीस. बंगल्याच्या भिंतीवर होती. इथं कुणाकुणाच्या घरी आली, हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. ईशानं मात्र दोन्ही केले. सगळा हॉल हसला.

"वहिनी, मी काय मुद्दाम केलं का?" अनिरुद्ध म्हणाला. "दर मे महिन्यात भाजून निघतो मी तिथं. माझ्या पोरांनी डोंगरात स्वेटर घातलेला नाही अजून!"

"मग तेच घरोघरी कळवा ना भाऊ. सगळ्यांसमोर मागा."

हिम्मतरावांनी चष्मा काढला. "कोरम भरला, पण बोलावणंच पोचलं नाही. ही सभा रद्द. अनिरुद्ध, बावन्न नोटिसा. घरोघरी. सही घेऊन यायचं."

माझ्या बहिणी अखेर जन्मल्या! अनिरुद्ध गल्लोगल्ली फिरला, घरोघरी चहा पिऊन दमला. पुढच्या महिन्यातल्या सभेला एक्केचाळीस जण आले. खुर्च्या कमी पडल्या. ठरलं असं की ज्यांना आठवडा बदलायचा त्यांनीच चिठ्ठी टाकायची, बाकीच्यांचा आहे तसा राहील. सगळ्यात आधी हिम्मतरावांनी टाकली. म्हणाले, "माझा जानेवारी घ्या कुणीतरी. थंडीनं गुडघे धरतात." तो अनिरुद्धच्याच नावावर निघाला. त्यानं तिथंच उडी मारली.

आता मी कुठं आहे? पुन्हा त्याच बंगल्यात, त्याच भिंतीवर, माझा सुटलेला कोपरा होता तिथं. पण पाठ पुढे करून. दसऱ्याचा आठवडा आहे. ईशानं काढलेल्या घरापुढची माणसं आजी बोटानं मोजतेय आणि युवराजमामा विचारतोय, "ए, मी एवढा जाडा आहे होय?"

माझी कुणाबद्दल तक्रार नाही. एवढंच मागते, कुणाला बोलवायचं असेल तर त्याच्या दारापर्यंत जा. भिंतीला काय, ती आतल्यांनाच दिसते. आज मात्र मला पाहायला हवी होती ती सगळी माणसं आतच आहेत.