पाइपातला दाब गेला त्या दुपारी

मित्रांनो, नळ सोडला की पाणी येते. पण ते ढकलते कोण, हे सहसा कोणी विचारत नाही. तो मीच, एक जुना पंप. दोनशे घरांच्या वस्तीबाहेर, विहिरीशेजारच्या पत्र्याच्या खोलीत माझा मुक्काम असतो. मला बसवले तेव्हा लोकांनी माझ्या हिरव्या रंगावर कौतुकाने हात फिरवले. पुढची एकतीस वर्षे कोणी इकडे फिरकले नाही.

अपवाद फक्त पंप चालवणाऱ्या मावशींचा. नुसत्या आवाजावरून त्या माझे दुखणे ओळखत. "बेअरिंग झिजलंय. जोडीला दुसरा पंप हवा. नाल्याजवळचा पाइपही फुटायला आलाय," असे त्या पाणी समितीच्या अध्यक्षांना दर वर्षी सांगत.

"चालतोय ना अजून? मग चालू द्या," एवढेच उत्तर मिळे.

एका दुपारी माझे बेअरिंग जाम झाले. टाकीने आधीच तळ गाठला होता. तासाभरात नळ कोरडे पडले. मिस्त्रीने घाम गाळून मला कसेबसे उभे केले. अध्यक्ष दारातच ताटकळत होते.

"झालं ना? सोडा पाणी. लोक खोळंबलेत."

मावशी मात्र नाल्यापलीकडच्या नळावर गेल्या होत्या. पाइपात उरलेले पाणी बाटलीत धरून त्या परतल्या. पाणी काळपट होते.

"दाब गेला की फुटक्या जागेतून नाल्याचं पाणी आत शिरतं," त्या म्हणाल्या. "पाइप धुऊन काढल्याशिवाय मी घरांना पाणी सोडणार नाही."

"सुरुवातीला थोडं गढूळ येतंच."

"मग तुम्हीच एक घोट घ्या, भाऊ."

अध्यक्षांनी बाटली नाकाशी नेली आणि गुपचूप खाली ठेवली. मग म्हणाले, "चला, नळाचं पाणी पिऊ नका असं घरोघर सांगू. मीही येतो."

तरी उशीर झालाच होता. खालच्या गल्लीतल्या दोन लहान बहिणींनी नळाचे शेवटचे थेंब पिऊन टाकले होते. त्यांना दवाखान्यात नेले. पाच दिवस मावशी माझ्याशेजारी स्टुलावर बसून निरोपाची वाट पाहत होत्या. मला त्यांच्याकडे बघवत नव्हते. सहाव्या दिवशी मुली घरी आल्या, तेव्हा कुठे मावशी पोटभर जेवल्या.

आता नाल्याजवळ नवा पाइप आहे आणि माझ्या शेजारी नवाकोरा पंप. मी राखीव म्हणून उभा असतो. पण वस्तीतले बाकीचे पाइप माझ्याच वयाचे आहेत. मावशी पुढच्या वर्षी काम सोडतील आणि त्यांच्या हाताखाली अजून कोणीच शिकत नाही.

मित्रांनो, हे तेवढे मोठ्यांच्या कानावर घाला. नळाला पाणी आहे, तोवरच घाला.