व्हर्नाची उडी

"पडला!" व्हर्नाने अकराव्यांदा जाहीर केले आणि गाडीच्या किल्ल्या मुलापुढे सरकवल्या. "घे, कर्टिस. माझे हात गेले, आता गाडी चालवायला नको."

अमेरिकेतल्या डुलुथ गावच्या बर्फात एकतीस वर्षे शाळेची बस चालवून व्हर्नाने कुणाच्या टपालपेटीलाही धक्का लावला नव्हता. नवऱ्यामागे तिला सोबत दोनच: गाडी आणि टीव्हीला जोडून खेळायचा तीस वर्षांचा जुना खेळ. त्यातला बुटका शिपाई तिसऱ्या खड्ड्यावरून ती गप्पा मारता मारता उडवायची. वाढदिवसाला कर्टिसने भिंतभर टीव्ही आणला, जुना डबा टीव्ही भंगारात गेला, आणि त्या दिवसापासून शिपाई रोज खड्ड्यात.

"वय होतंच गं, आई," कर्टिस समजुतीने म्हणाला. तो फार समजूतदार होता. आईची गाडी न्यायची म्हणून येताना बसनेच आला होता.

तेवढ्यात शेजारचा ऑर्व्हिल तिने पाठवलेल्या हॉटडिशचे, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेल्या जेवणाचे, भांडे परत द्यायला आला. भांड्यात रीतीप्रमाणे केक होता. ऑर्व्हिलने चाळीस वर्षे टीव्ही दुरुस्त केले होते.

"शिपाई असा सुजलाय का?" त्याने विचारले.

"टीव्ही रुंद आहे," कर्टिस म्हणाला. "पैसे पूर्ण रुंदीचे दिलेत."

ऑर्व्हिलने व्हर्नाचा अंगठा आणि पडदा एकाच वेळी फोनवर टिपला आणि ते चित्रण संथ करून दाखवले. अंगठ्याने बटण दाबले. शिपाई आपला धावतोच आहे. अंगठा वर आला. शिपाई अजून विचारात. मग कुठे त्याने उडी घेतली, थेट खड्ड्यात.

"तुझे हात वेळेवर आहेत, व्हर्ना. उशीर टीव्हीला होतोय. जुनं चित्र आलं की हा ते धुतो, इस्त्री करतो, मग दाखवतो. तोवर शिपाई गेलेला असतो."

घरी जाऊन त्याने जुने चित्र नव्या टीव्हीसाठी झटपट बदलून देणारी काडेपेटीएवढी एक डबी आणली आणि खेळ व टीव्ही यांच्यामध्ये जोडली. टीव्हीची सगळी रंगरंगोटी बंद केली, 'गेम मोड' लावला, चित्र पूर्वीसारखे चौकोनी केले. शिपाई बारीक झाला. दोन्ही बाजूंना काळे पट्टे उरले.

"अर्धा टीव्ही वाया की!" कर्टिस कळवळला.

"चर्चमधली पुढची बाकं रिकामीच असतात. कुणी तक्रार करतं?" ऑर्व्हिल म्हणाला.

व्हर्नाने श्वास रोखून बटण दाबले. पार! पुन्हा पार. तिसऱ्यांदा तर तिने केकचा तुकडा तोंडात टाकता टाकता पार केला.

चौथ्यांदा शिपाई खड्ड्यात पडला.

कर्टिसने किल्ल्यांकडे पाहिले, ऑर्व्हिलने डबीकडे. व्हर्ना मात्र डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत सुटली.

"ही माझी! ही चूक माझी स्वतःची!"

मग डोळे पुसून तिने टेबलावरच्या किल्ल्या उचलल्या.

"चल कर्टिस, बसस्टॉपपर्यंत सोडते. आणि पट्टा बांध."